लाइटवरच्या पेटीला सारेगम कशाला?

लूमखालची रुई आणि आमच्या यांच्या बँडपार्टीचे किस्से, दोन्ही कितीही झाडा, सकाळी तेवढेच! आमचे हे लिंबायत वस्तीतल्या लग्नांत बाजा वाजवतात. पार्टीत लाइटवरची पेटी, म्हणजे कीबोर्ड, आली आणि हे तिच्यावर बसले. यांची लूमवरची रात्रपाळी सुटली. तान्ही पोर घेऊन खोलीत एकटीनं जागणं संपलं, मला तेवढंच हवं होतं.

पण पार्टीचे मास्तर जुने. म्हणाले, "आधी सारेगम शिका. लग्नसराईपर्यंत जमलं नाही, तर पेटीवर माझा भाचा बसेल."

हे म्हणाले, "मास्तर, पंखा लावायला कुणी वीज शिकतं का?"

"पंखा बेसूर होत नाही!"

झालं, म्हणजे पुन्हा रात्रपाळी!

मास्तर घरी शिकवायला आले. यांनी "सा" लावला आणि पोरगी किंचाळली. मी घाबरून तिचं अंग चाचपलं. ताप की पोटदुखी?

मास्तर म्हणाले, "काही झालं नाही तिला. कान चांगला आहे पोरीचा."

मग हे दाढी करतानाही घोकायला लागले, "कोमल रे... कोमल ग..."

माय वं! मी वाटी आपटली, "कोण ही कोमल?"

"अगं, तो सूर आहे!"

"सगळे असंच सांगतात!"

पर्वत पाटिया भागात एका हळदीत लाइट गेली. हे आपले तल्लीन होऊन पट्ट्या दाबतच होते. मास्तर गोड हसून म्हणाले, "आज पहिल्यांदा सुरात वाजवलंत."

शेवटी लग्नसराई आली. पहिल्याच लग्नात पंगत बसलेली, बोहल्यावर नवरानवरी, मास्तर भाच्याला घेऊन समोरच. मी देव आठवत होते. गाणारा यांना म्हणाला, "काळी चार द्या." म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. एवढं तर ऐकून ऐकून मलाही कळायला लागलेलं!

यांनी चार काळ्या पट्ट्या एकदम दाबल्या. आवाज सगळा फुल!

थेट मिलचा भोंगा! पाळीला निघायची सवय; निम्मी पंगत हातातला घास टाकून उभी. बोहल्यावरचा नवरदेवसुद्धा!

मास्तरांनी भाच्याला पुढे ढकललं. तेवढ्यात नवरीचा बाप धावत आला. यांचा हात धरून म्हणाला, "पावणं, धाकटीच्या लग्नालाही पेटीवर तुम्हीच बसा. दुसरी पंगत केव्हाची ताटकळली होती!"