कुंकवाचा कण

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंदमाताला, पुतणीच्या लग्नासाठी साडी घेत होतो. पलीकडून वैशालीवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे उठत नाहीयेत हो..." मी साड्यांच्या ढिगासमोर तसाच बसून राहिलो. दुकानदार विचारत होता, दुसरा रंग दाखवू का.

सुधीर आणि मी टेक्निकल शाळेपासूनचे दोस्त. तो घोडपदेवचा, मालवणी, हाताचा कसबी; मी फणसवाडीचा, तोंडाचा पटाईत. त्यामुळे पुढे एकत्र कारखाना काढला तेव्हा कामं वाटून घ्यावी लागलीच नाहीत. घोडपदेवच्या गाळ्यात आम्ही अंतराळयानांसाठी इंधनाच्या झडपा बनवायचो. करंगळीएवढी झडप. यानाला वळायचं असलं की ती क्षणभर उघडते, इंधन सोडते आणि मिटते. वर्षानुवर्षं, हजारो वेळा. मिटताना मध्ये धुळीचा कण अडकला तर इंधन झिरपत राहतं, आणि एक दिवस यानाला पृथ्वीकडे तोंडसुद्धा वळवता येत नाही. टॅक्सी बंद पडली तर बॉनेट उघडता येतं. तिथे पाना घेऊन कोण जाणार?

म्हणून झडपा जोडायची खोली वेगळी होती. काचेने बंद केलेली, गाळलेल्या हवेची. आत जायचं तर झगा, टोपी, हातमोजे. सुधीर तिथला हुकूमशहा. एकदा माझ्या अंगाला पावडरचा वास येतोय म्हणून त्याने मला दारातूनच परत पाठवलं होतं. दसऱ्याला बाहेर लेथ मशीनला हार, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. पण त्या खोलीत फूलसुद्धा न्यायचं नाही. "मेल्या, देव भायर. हंय फक्त फिल्टर," असं म्हणून तो मला हुसकावून लावायचा.

गेल्या दसऱ्याला पूजा आटोपून, हात धुऊन तो आत गेला. काम संपत आलं असताना सूक्ष्मदर्शकाखाली त्याला हातमोज्याच्या कडेला एक लाल कण दिसला. नखात राहिलेलं कुंकू. झडपांवर काही दिसत नव्हतं, पण आत गेलं नसेल असं कोण सांगणार?

"अख्खा लॉट खोलायचा," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? एक कण रे! कोणाला कळणारे?"

"वर गेल्यावर कळतं ना. तेव्हा आपण खाली असतो."

त्याने स्वतःच झडपा घेणाऱ्या कंपनीला फोन करून सांगितलं. झडपा खोलल्या, धुतल्या, पुन्हा तपासल्या. काहीही सापडलं नाही. पण उशीर झाला, पुढचं काम कंपनीने दुसऱ्यांना दिलं, आणि आमच्या दोन कारागिरांना घरी बसायची पाळी आली. सुधीरने त्यांच्यापुढे हात जोडले. "चूक माझी आहे," म्हणाला. मी शेजारीच उभा होतो. गप्प.

का गप्प होतो, ते आता लिहितो. त्याच्या आदल्या दसऱ्याला आमची यानात जाणारी पहिलीवहिली झडप तयार झाली होती. शेवटची तपासणीही झाली होती, फक्त पिशवीत सीलबंद करायची बाकी होती. सुधीर बाहेर प्रसाद वाटत होता. मी आत गेलो आणि तिला कुंकवाचं बोट लावलं. आपल्या गाळ्यातलं काहीतरी आकाशात चाललंय, ते कोरड्या कपाळाने कसं पाठवायचं, एवढंच मनात होतं. लगेच भानावर आलो, रुमालाने पुसून काढलं. दुपारी सुधीरने तिची पिशवी बंद केली. ते यान आता वर आहे.

हे त्याला सांगायला माझ्याकडे किती दिवस होते! रोज समोरासमोर डबा खायचो आम्ही. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्याची भीती वाटत होती. त्या कणापासून तो हसायचा थांबला. उमेदवारी करणाऱ्या मुलासारखं स्वतःचं प्रत्येक काम तो मला तपासायला लावायचा... मला! आणि मी तपासायचो. छान झालंय म्हणायचो.

तेरावं झाल्यावर मी कंपनीला सगळं लिहून कळवलं. उत्तर सभ्य होतं. झडप सध्या नीट चालते आहे, टाकीतल्या दाबावर लक्ष ठेवू, त्यापलीकडे इथून काही करता येणार नाही.

मग वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यांना वाटायचं, असली चूक फक्त आपल्याच हातून होते," त्या म्हणाल्या. "रोज मोरीत नखं घासत बसायचे, भाऊजी. रक्त येईपर्यंत. मी ब्रश लपवून ठेवला, तर दुसरा घेऊन आले."

त्या चहा टाकायला उठल्या. मी हात धुवायला मोरीत गेलो. कट्ट्यावर दोन्ही ब्रश होते. नव्याचेही केस पार झिजले होते.