फणसवाडीचा फलक आल्प्सवर

लग्नात आलेल्या तांब्यांसारखे असतात हे किस्से. आपण मागितलेले नसतात, टाकवतही नाहीत, आणि घरी चार माणसं आली की नेमके तेच बाहेर निघतात. आमच्याकडे स्वित्झर्लंडचे इतके साठलेत की मी घसा खाकरला तरी कुसुम, म्हणजे आमची ही, विचारते, "आज कुठला? चपलांचा की बटणाचा?" शेवटचा मात्र ती मला धड सांगू देत नाही, मध्येच हसायला लागते. आत्ता ती आत चहा टाकायला गेलीये, तेवढ्यात सगळे उरकून घेतो.

आधी एक सांगून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. मला उंचीची भीती वाटते. हसू नका. गिरगावात फणसवाडीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर लहानाचा मोठा झालो, पण गॅलरीतून कायम भिंतीला घासून चाललो. खालून मोर्चा निघाला की अख्खी चाळ कठड्यावर ओणवी व्हायची आणि मी मागे उभा राहून नुसत्या घोषणा द्यायचो. लोकांना वाटायचं, वसंता किती सज्जन, बायकांना पुढची जागा देतो. खरं कारण फक्त कुसुमला ठाऊक. लग्नानंतर आठवड्यात तिने ओळखलं, कारण बाहेरच्या दोरीवरचा माझा टॉवेल काढायला मी तिला पाठवायचो.

*

ते संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीचे दिवस. मुंबई अजून द्विभाषिकात अडकलेली. मी परळच्या एका गिरणीत मागांच्या दुरुस्तीखात्यात होतो. गिरणीने स्विस माग घ्यायचं ठरवलं आणि ते शिकायला मला सहा महिने तिकडे धाडलं. कुसुमचा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला, त्याच्या खटपटीने तिचंही जमलं. चाळीतून जोडीने परदेशी जाणारे आम्ही पहिलेच.

मग काय, चौकात निरोपसमारंभ. अध्यक्षस्थानी अप्पा. अप्पा म्हणजे तळमजल्यावरचे रिटायर्ड हेडक्लार्क, सत्याग्रहात तुरुंग बघून आलेले, त्यामुळे चाळीत त्यांचा शब्द शेवटचा. आता गळ्यात हार पडला की माणसाची जीभ सैल होते. मी बोलून गेलो, "आल्प्सच्या एखाद्या शिखरावर चढल्याशिवाय हा वसंता परत येणार नाही."

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत अप्पा उठून खोलीत गेले आणि मोर्चातला कापडी फलक घेऊन आले. पांढरं मांजरपाट, त्यावर लाल अक्षरांत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. घडी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "शिखरावर फडकव. फोटो काढ. आणि परत आण, पुढच्या मोर्चाला लागेल."

जिना चढताना कुसुम एवढंच म्हणाली, "अहो, आधी आपल्या गच्चीपर्यंत जाऊन बघायचं का?"

*

तिकडे एका म्हाताऱ्या बाईंच्या छोट्याशा हॉटेलात उतरलो. खोलीत शिरताना चपला दाराबाहेर काढल्या, घरच्यासारख्या. सकाळी बघतो तर माझ्या कोल्हापुरी काळ्या कुळकुळीत! तिकडची रीत अशी की जोडे दाराबाहेर ठेवले म्हणजे ते पॉलिश करून हवेत. बाईंनी बिचारीने रात्रीतून ते काम केलं होतं. एवढा मान माझ्या पायांना सासुरवाडीलाही मिळाला नव्हता.

कुसुमचं डोकं लगेच चाललं. दुसऱ्या दिवशी तिने आमचा पितळेचा तांब्या बाहेर ठेवला, घासून मिळाला तर मिळाला. सकाळी तांब्या तसाच काळपट, पण आत पाणी आणि पिवळीधमक फुलं. आता एवढ्या प्रेमाने ठेवलेली फुलं काढून पाणी कसं प्यायचं? त्या दिवसापासून तांब्या खिडकीत आणि आम्ही वाटीने पाणी पितोय.

*

पहिली मोहीम दोराच्या पाळण्यातून. तारेला लटकलेली एक खोली, आत पंधरावीस माणसं, आणि चारी बाजूंनी काचा. काचा कशाला लावतात कळत नाही. पाळणा सुटला तसा मी खाली बसलो.

कुसुम वाकून म्हणाली, "काय झालं?"

"नाडी सुटलीये."

"अहो, कोल्हापुरीला नाडी असते का?"

एवढ्यात एका गृहस्थाने काळजीने विचारलं की यांना बरं नाहीये का. कुसुम मॅट्रिक झालेली, तिने इंग्रजीत शांतपणे सांगितलं, "प्रार्थना चाललीये." झालं, पाळण्यातल्या सगळ्या पुरुषांनी हॅटी काढल्या आणि वर पोचेपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. ती काही खोटं बोलली नव्हती. मी डोळे मिटून देवाचाच धावा करत होतो.

वर बघतो तर हॉटेल. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, कॉफी, केक. मला हायसं वाटलं. म्हटलं, उंची आहे, डोंगर आहे, इथेच फलक धरू आणि मोकळे होऊ. कुसुमने घडी सोडू दिली नाही. म्हणाली, "हे शिखर नाही, कँटीन आहे. अप्पा तुरुंगात चालत गेले होते, टॅक्सीने नाही. चालत जायचं."

*

मग चालत. आता तिकडच्या डोंगरवाटेवर एक पद्धत आहे, समोरून येणारा प्रत्येकजण तुम्हाला नमस्कार घालतो. त्यांच्या भाषेत एक शब्द बोलतात आणि पुढे जातात. पण आपली गिरगावची सवय. कुणी नमस्कार केला आणि आपण न थांबता पुढे गेलो तर घरी जाऊन बोलेल की, परदेशी गेले आणि शिंगं फुटली. त्यामुळे मी प्रत्येकाशी थांबायचो. कुठून आलात, कुठे निघालात, वर गर्दी आहे का, मुलं किती. थांबण्यात माझा स्वार्थही होता, तो तुम्हाला कळलाच असेल.

दुपारपर्यंत आम्ही निम्मं गाव ओळखीचं केलं आणि डोंगर होता तिथेच. बाकावर बसून शिदोरी सोडली. कुसुमने दशम्या त्या फलकातच गुंडाळल्या होत्या. शेजारी एक आजोबा बसलेले, त्यांना इंग्रजी येत होतं. त्यांनी अक्षरांकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मी सांगितलं, आमच्या भाषेचं एक राज्य हवंय, त्याची मागणी आहे.

आजोबा हसले. म्हणाले, "आमच्याकडे चार भाषा आहेत, आणि आम्ही सुखाने एकत्र राहतो."

मी दशमी तोंडात कोंबली. चार भाषांपुढे काय बोलणार? कुसुमने दशमीचा तुकडा तोडत मला मराठीत सांगितलं, "त्यांना विचारा, तुमचं झुरिक काढून घ्यायचं कुणी बोललं होतं का?"

मी भाषांतर केलं. आजोबांचं हसू मावळलं. ते म्हणाले, "झुरिक? झुरिक कोण मागेल? आम्ही देऊच कसं?" मग त्यांनी एक दशमी मागून घेतली, आणि जाताना कुसुमला हॅट काढून सलाम केला. मला नाही केला.

*

पुढच्या खेपेला खरोखर वर निघालो. अर्ध्या वाटेवर एक धार लागली. दोन्ही बाजूंना उतार, मधून वाट. वाट चांगली बैलगाडीएवढी रुंद होती असं कुसुम म्हणते, मला ती सुतळीएवढी दिसली. मी सरळ हातापायांवर रांगायला लागलो.

मागून एक मोठा घोळका आला. त्यांना वाटलं, या गृहस्थाचं काहीतरी हरवलंय. फार भली माणसं हो! एकजण वाकला, दुसरी वाकली, बघता बघता दहाबारा स्विस स्त्रीपुरुष आल्प्सच्या धारेवर माझ्याबरोबर रांगतायत. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, काय शोधताय? आता काय सांगू? तोंडातून निघालं, "बटण."

गवताची काडी न् काडी उलटी झाली. आणि काय सांगू तुम्हाला, बटण सापडलं! हिरवं, चार भोकांचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईने पिशवीतून सुईदोरा काढला आणि तिथल्या तिथे माझ्या तपकिरी कोटाला ते लावून दिलं. कोटाची सगळी बटणं जागेवरच होती, हे सहावं. त्या कोटाने मी पुढे गिरणीत आठ वर्षं काढली.

त्या दिवशीही फलक पिशवीतच राहिला.

*

असं करता करता परतीची बोट जवळ आली. शेवटचा रविवार उरला. मला रात्री झोप लागेना. डोळे मिटले की चौकातली सभा दिसायची आणि अप्पा हात पुढे करून म्हणायचे, फोटो?

रविवारी सकाळी कुसुम तयार होऊन समोर आली आणि मी बघतच राहिलो. एरवी ती पाचवारी नेसायची. त्या दिवशी आमच्या आईने ट्रंकेत घातलेलं नऊवारी लुगडं काढून तिने पक्का काष्टा घातला होता, वर माझा स्वेटर आणि त्यावरून पदर. म्हणाली, "चला. आज कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत."

डोंगर लहानसाच होता, पण शेंडा टोकदार. शेवटच्या चढाखाली एक गवताळ सपाटी होती, तिथे माझे पाय थांबले ते थांबलेच. मी खूप प्रयत्न केला हो, खरंच केला. कुसुमने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. रागावली नाही. मी उसना आणलेला बॉक्स कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही इथे बसा. मी हात वर केला की दाबायचं. फक्त हात थरथरू देऊ नका."

वाटेत भेटलेल्या दोन शिक्षिकाबाई वर निघाल्या होत्या. त्यांच्या मागोमाग ही गेली, पिशवी खांद्याला लावून, पायात कॅनव्हासचे बूट. मी खालून बघत होतो. तिचा पाय घसरेल म्हणून मी प्रत्येक पावलाला 'जपून, जपून' पुटपुटत होतो, आणि त्याच वेळी वाटत होतं की ही माझी बायको आहे हे इथल्या प्रत्येकाला ओरडून सांगावं. वर एक लाकडी खांब होता. फलकाचं एक टोक तिने त्याला बांधलं, दुसरं हातात धरलं, बाई बाजूला झाल्या, आणि तिने हात वर केला. मी दाबलं. हात थरथरला नाही. त्या सहा महिन्यांत मी केलेलं तेवढंच एक धाडसाचं काम.

*

चाळीत पोचलो तर दाराला तोरण, आणि पाटीवर खडूने लिहिलेलं, 'शिखरवीर वसंतरावांचे स्वागत'. फलक अप्पांच्या हातात दिला. दशम्यांच्या तेलाचे डाग त्यांना बर्फाचे वाटले. माझ्या गळ्यात हार पडला. मी तोंड उघडणार तोवर दुसरा पडला.

अप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वसंता, वर पोचल्यावर काय वाटलं?"

कुसुमकडे बघायची माझी हिंमत होईना. तीच बायकांमधून म्हणाली, "ह्यांची तर वाचाच बसली होती."

सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या. चार दिवसांनी फोटो धुऊन आला. एवढासा. शेंड्यावर मुंगीएवढा ठिपका आणि शेजारी पांढरी रेघ. ठिपका कुणीही असू शकत होता. मी निर्धास्त झालो, आणि अप्पांनी निगेटिव्ह मागितली तेव्हा खुशाल देऊन टाकली.

रविवारी अप्पा तीन जिने चढून आमच्या दारात आले. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी मोठं. चाळीच्या प्रवेशद्वारात लावायला त्यांनी फोटो पाटाएवढा करून, काच लावून आणला होता. शेजारपाजारचे गोळा झाले. कुसुम पोळ्या टाकून बाहेर आली. अप्पांनी कागद सोडला, फोटो कठड्याला टेकवून ठेवला, चष्मा पुसला आणि बराच वेळ निरखून बघितलं. मी भिंतीला टेकून उभा.

मग अप्पा वळले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले,

"वर वारा फार होता का रे, वसंता? तुझा पदर बघ कसा उडालाय."