हिरव्या दगडाखालची चांदी

आमच्या विहिरीच्या तळाला चांदी आहे, असं माझे धाकटे दीर अजून सांगतात. सांगू द्या बापडे. विहीर शाबूत आहे ती माझ्यामुळं, हे मात्र मी सांगते, कारण दुसरं कोणी सांगायचं नाही.

आमचं रान चारठाण्याकडं, डोंगराच्या उताराला. वर हातभर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक. मांजऱ्या म्हणजे अनारशासारखी जाळी पडलेला दगड. त्याच्याखाली गेरूसारखा तांबडा थर आणि त्याच्याही खाली काळा पाषाण. शाळा माझी चौथीतच सुटली, पुढचं सगळं लेकरांच्या जुन्या पुस्तकांतून. त्यातच वाचलं की आपली जमीन म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर, धपाट्यांची चवड रचावी तसा. वाचलं अन् विहिरीत डोकावून बघितलं. खरंच की.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही घरांनी मिळून गाळ काढला. विहीर सामाईक, अर्धी आमची, अर्धी दिरांची. गाळ काढता काढता कडेचा एक धोंडा निखळला. आत पोकळी, तिला हिरवागार लेप आणि मधे पांढऱ्या चकचकीत सुया. दीर तो धोंडा टॉवेलात गुंडाळून जिंतूरला घेऊन गेले आणि चहाच्या हॉटेलातून शहाणे होऊन आले. हिरवं म्हणजे तांबं, तांब्याखाली शिसं, शिशाखाली चांदी. विहिरीचा तळ फोडायला सुरुंगवाल्याला सांगूनही झालं.

मी तो दगड मागून घेतला आणि चिंचेच्या कोळात बुडवून ठेवला. तांब्याच्या घागरीला हिरवं जंगाल चढतं ते आम्ही बायका चिंचेनंच काढतो. चिंचेपुढं तांब्याचं हिरवं टिकत नाही. सकाळी बघते तर दगड जसाच्या तसा हिरवा. नखानं खरवडला तर निघाली माती, हिरवी माती. दिरांना दाखवलं. ते म्हणाले, वरचं कच्चं असंल, पक्कं खाली हाय.

पण मला चांदीचं काहीच नव्हतं. मला काळजी त्या तांबड्या थराची. पाणी मांजऱ्याच्या जाळीतून झिरपत येतं आणि त्या थरावर अडतं, म्हणून आमची विहीर वैशाखातही आटत नाही. सासऱ्यांनी खोदाई तिथंच थांबवली होती. शेजारच्या मळ्यात हावरेपणानं तो थर फोडला, तर होतं ते पाणीही खाली गेलं. त्या विहिरीत आता बाभळी उगवल्यात.

सुरुंगवाल्याचा ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी भाकरी बांधून घेतली आणि विहिरीच्या शेवटच्या पायरीवर पोतं टाकून बसले.

सुरुंगवाला वरून म्हणाला, "आजी, वर या. काम करायचंय."

"कर की. मी कुठं तुझा हात धरलाय?"

त्यानं ट्रॅक्टरवरचं भोकं पाडायचं मशीन बंद केलं. मग दीर काठावर आले. बघायला माणसं जमलीच होती.

"वैनी, लोकं हसायलेत."

"हसू द्या. तहान लागली की हितंच येतील."

"अर्धी विहीर माझी हाय."

"हाय ना, भाऊजी. तुमची अर्धी फोडा. फकस्त माझ्या अर्ध्यातलं पाणी तिकडून खाली जाऊ देऊ नका."

वर कोणीतरी खुदकन हसलं. दिरांनी एकदा पाण्याकडं बघितलं आणि ते सुरुंगवाल्याकडं वळले. मी भाकरी सोडली. माझी भाकरी संपायच्या आत ट्रॅक्टर वळून गेला.

पुढं बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. विहिरीवरची मोटार मात्र रोज लावत होते, त्यांचा भुईमूग पाण्याविना राहिला नाही. आता बोलतात. चहाला येतात तेव्हा दाराला टेकू म्हणून लावलेला तो हिरवा धोंडा बघतात आणि हटकून म्हणतात, वैनी, खाली चांदी हाय बरं का.

"असू द्या की," मी म्हणते. "कुठं पळून जायलीय? पर मी हाय तोवर तिनं खालीच राहायचं."