निरोप जसाच्या तसा

दूध करपल्याचा वास आला आणि सदाशिव पेठेतलं ते स्वयंपाकघर आठवलं. मी अमरावतीहून आलेली नवी सून. सासू-सासऱ्यांचा अबोला, आणि निरोप पोचवणारी मी. दोघं एकाच खोलीत, तरी सासरे मला म्हणत, "त्यांना म्हणावं, दूध करपवायचा क्लास काढा." मी दोन पावलं जाऊन सांगे, "बाबा म्हणतात, दूध जरा लागलंय जी."

"त्यांना म्हणावं, पहिला प्रवेश तुम्हालाच."

"बाबा, आई म्हणतात, उद्या लक्ष ठेवतील."

गोड करून सांगता सांगता मी थकले. एके दिवशी वैतागून दोघांचे शब्द जसेच्या तसे, त्याच सुरात ऐकवले. सासूबाई थेट सासऱ्यांकडे वळल्या. "अहो, ऐकलंत? ही कशी बोलते आपल्याशी."

"ऐकलं. वळण नाही."

अबोला तिथेच सुटला. मी मात्र संतापून रडले होते.

आज आमचा अबोला आहे. हे आतून सूनबाईला म्हणाले, "तुझ्या सासूला सांग, करपलेल्याचीच सवय आहे आम्हाला." मला स्वच्छ ऐकू आलं. हिंजवडीची बस चुकवून ती निरोप घेऊन आली, "आई, बाबा म्हणतायत, इट्स ओके, चालेल."

ही मुलगी वैतागणार तरी कधी?