थाळीखालचा एक हजार चार

जावा बेटावरच्या सालातिगा शहराच्या पाचव्या आळीत कुणाकडे कार्य निघालं की पहिला निरोप पार्सियेमला जायचा. कारण थाळ्यांचा कारभार तिच्याकडे. चाळीस घरांतून थाळ्या, पेले, वाडगे गोळा व्हायचे, दोन-तीनशे माणसं जेवून उठायची, आणि दुसऱ्या दिवशी धुतलेल्या डोंगरातून ज्याची थाळी त्याच्या दारात नेऊन द्यायची ती पार्सियेमने. थाळीच्या पाठीवर नखरंगाने काढलेली खूण असायची, कुणाचं अक्षर, कुणाची फुली, कुणाचा नुसता ठिपका. वीस वर्षांत तिची एक थाळी चुकली नव्हती. एकदा एका बाईने दुसरीची निळ्या काठाची थाळी आवडली म्हणून हळूच ठेवून घेतली, तर पार्सियेम तिच्या ओसरीवर बसून पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिली. तिसऱ्या पेल्याचा चहा संपला तेव्हा थाळी आपोआप बाहेर आली.

अशा बाईला प्रभाग कचेरीत घेतलं नसतं तरच नवल. आधी चहापाण्याला, मग कागदपत्रांना, आणि कचेरीत पेंग्विनचं चित्र असलेला नवा संगणक आला तेव्हा त्यालाही. तो शिकवायला कॉलेजातला एक तरुण दोन दिवस आला. प्रत्येक फाइलीला मालक असतो, ती कोणी वाचायची आणि कोणी बदलायची हे मालकाच्या हातात, असं तो सांगत होता आणि बाकीचे कारकून डुलक्या घेत होते. पार्सियेम मात्र ताठ बसली. ह्या तर थाळ्याच, असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं.

एक गोष्ट तिला फार भावली. यंत्र नाव ओळखत नाही, आकडा ओळखतं. खाती उघडाल तसे आकडे पडत जातात, एक हजारपासून पुढे. आता आकडा आला की क्रम आला, आणि क्रम आला की जावातला माणूस जपून पाऊल टाकतो. कुणाच्या आधी कुणाला बसवायचं यावरून तिथे लग्नं मोडली आहेत. म्हणून कचेरीत तिने हुद्द्याप्रमाणे खाती उघडली. एक हजार म्हणजे प्रभागाचे प्रमुख, पाक लुराह. एक हजार एक त्यांचे चिटणीस. असं करत एक हजार चारवर महिला समितीच्या अध्यक्षीण, बू म्हणजे बाई, रेत्नानिंगसिह. आणि पाचव्या आळीच्या चौकीत जुना संगणक आला तेव्हा तिथे तिने वयाप्रमाणे उघडली. पहिलं खातं चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्बाह कार्तोंचं; म्बाह म्हणजे आजोबा, आणि आजीही. त्यांनी संगणकाला कधी बोट लावलं नाही, पण त्यांना वगळणं म्हणजे जेवणावळीत पानावरून उठवणं. तिथे एक हजार चार झाल्या म्बाह जुमिराह, वय एकाहत्तर.

कुणी रुसलं नाही. पार्सियेम स्वतःवर बेहद्द खूश झाली, आणि माणूस स्वतःवर खूश झालं की पुढचा खड्डा त्याला दिसत नाही.

सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या वाढदिवशी, कचेरीसमोरच्या मैदानात आळ्या-आळ्यांची कवायतनाचाची स्पर्धा असते. पाचव्या आळीचा संघ म्हणजे म्बाह जुमिराह आणि त्यांच्या दहा मैत्रिणी, साऱ्या साठीच्या पुढच्या. मागच्या वर्षी त्यांनी तीन महिने खपून एक गाणं बसवलं, आणि ऐनवेळी त्यांच्या आधी उतरलेल्या तिसऱ्या आळीने नेमकं तेच गाणं लावलं. तिसऱ्या आळीच्या म्होरक्या बू रेत्नानिंगसिह. गाणं चोरलं की योगायोग झाला, देव जाणे. म्हाताऱ्या मैदानाच्या कडेला नव्या जांभळ्या कपड्यांत उभ्या राहिल्या आणि न नाचता घरी गेल्या. यंदा जुमिराहबाईंनी जाहीर केलं होतं की गुडघे एवढं एकच वर्ष देणार आहेत. पार्सियेमने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला होता की या वेळी तुमचं गाणं वाजेल, आणि वाजेपर्यंत कुणाच्या कानावर पडणार नाही.

गाणं त्यांनी स्वतःच रेकॉर्ड केलं. तवे, डेचक्या, भात कांडायची लाकडी डोण, आणि वर जुमिराहबाईंचा खणखणीत आवाज. पाच तुकडे, पाच फाइली. पार्सियेमने त्या चौकीतल्या संगणकावर जुमिराहबाईंच्या खात्यात ठेवल्या, मालकिणीखेरीज कुणी वाचू नये असं कुलूप घातलं, आणि त्या कुलपासकट, खुणेसकट डिस्कवर उतरवल्या. थाळी परगावी गेली तरी पाठीवरची खूण पुसायची नसते, हा तिचा नेम. कचेरीतल्या संगणकालाही तिने तशीच शिस्त लावली होती, की बाहेरून आलेल्या डिस्कवर ज्याचा आकडा असेल त्याचाच मान ठेवायचा. साऱ्या कुलपांवरची मोठी किल्ली, म्हणजे मुख्य परवलीचा शब्द, तिने पाठ होणार नाही असा लांबलचक ठेवून, लखोट्यात घालून पाक लुराहांच्या कपाटात ठेवला होता. राखणदाराने तिजोरी उघडू नये, असं म्हणाली होती.

सकाळी साडेनवाला पाचव्या आळीच्या आधी एकच संघ उरला होता. मैदानातले कर्णे कचेरीतल्या संगणकाला जोडलेले. पार्सियेमने डिस्क घातली, पहिल्या फाइलीवर बोट दाबलं. परवानगी नाही. पुन्हा दाबलं. परवानगी नाही. मग मालक कोण ते पाहायला यादी उघडली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाचही फाइलींपुढे यंत्राने एकच नाव लिहिलं होतं. रेत्नानिंगसिह.

जुमिराहबाई मागेच उभ्या होत्या. चष्मा नव्हता, पण एवढं नाव त्यांना चष्म्याशिवायही वाचता येत होतं.

"बघितलंस, येम? कुलपातून नेलं. या बाईचे हात आहेत की आकडे?"

नाही हो म्बाह, माझंच शहाणपण नडलं, असं पार्सियेम काकुळतीने सांगू लागली. डिस्कवर नाव नाही, नुसता आकडा आहे, एक हजार चार. चौकीत त्या आकड्याच्या तुम्ही, इथे त्या आकड्याच्या त्या. पण ऐकायला जुमिराहबाई होत्या कुठे? जांभळा फौजफाटा घेऊन त्या मंडपाकडे निघाल्याही होत्या.

पार्सियेमने कुलूप बदलून पाहिलं. यंत्र म्हणालं, ही डिस्क नुसती वाचायची आहे, हिच्यावर काही लिहिता येत नाही. बरोबरच होतं, भट्टीतून निघालेल्या थाळीच्या झिलईखालची खूण कोण खरवडणार? मोठी किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली पाक लुराहांच्या खिशात, आणि पाक लुराह तालुक्याच्या झेंडावंदनाला, अकराशिवाय यायचे नाहीत. कुणीतरी घरातला व्हिडिओ प्लेअर आणला, त्याने डिस्क तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. चौकीला कुलूप लावून चौकीचा प्रमुख गळ टाकायला तळ्यावर गेलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वीस वर्षांत न चुकलेली बाई चुकली होती, आणि चुकलेली थाळी थेट वैरिणीच्या दारात नेऊन ठेवली होती.

मंडपात बू रेत्नानिंगसिह सोयाबीनच्या तळलेल्या तेंपेहचा तुकडा हातात धरून बसल्या होत्या. जुमिराहबाई म्हणत होत्या, माझं गाणं परत दे. त्या म्हणत होत्या, कुठलं गाणं, म्बाह? मागच्या वर्षीचं म्हणत असाल तर ते मी रेडिओवर ऐकलं होतं, आईची शपथ. वर्षभर मला कुणी थेट विचारलं नाही, नुसत्या पाठी फिरवल्या. आणि बोलता बोलता बाई रडू लागल्या. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, जुमिराहबाईंच्या तर मुळीच नाही.

तेवढ्यात पार्सियेम धापा टाकत आली. जावात मोठ्या माणसापुढे गोष्ट गोल गोल फिरवून मांडायची असते, पण त्या दिवशी तिला गोल फिरायला वेळ नव्हता.

"बू, यंत्र म्हणतंय ह्या पाच थाळ्या तुमच्या. तुम्ही येऊन उघडल्यात तरच म्हाताऱ्या नाचतील. नाही उघडल्यात तर मला तुम्हाला एक शब्दही बोलता यायचा नाही, चूक माझी आहे."

बू रेत्नानिंगसिहनी तेंपेह खाली ठेवला. पलीकडे कर्ण्यावरून पाचव्या आळीचा पुकारा झाला.

"माझ्या म्हणतंय?" त्यांनी डोळे टिपत विचारलं. "यंत्रच म्हणतंय ना? मग माझी वस्तू मी कशी ठेवीन मुकी?"

कचेरीत नवा घोळ झाला. बाईंना परवलीचा शब्द टाकायचा होता आणि लोकांसमोर टाकणार नाही म्हणाल्या. झालं, दहा जांभळ्या म्हाताऱ्या आणि अकरावी जुमिराहबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, शिक्षा झालेल्या वर्गासारख्या. कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू रांगेतून पुढे गेलं आणि परत आलं. बाईंचा शब्द दोनदा चुकला. आवाज करू नका, माझी बोटं हसतात, असं त्या ओरडल्या आणि स्वतःच हसू लागल्या. तिसऱ्यांदा यंत्राने आत घेतलं. त्यांनी बोट दाबलं आणि मैदानावरच्या कर्ण्यांतून जुमिराहबाईंचा आवाज कडाडला, "उठा गं, भात करपला!" आणि मागून डेचक्यांचा गजर.

म्हाताऱ्या धावत मैदानात पोचल्या. गुडघे बिडघे सगळे घरी ठेवून आल्या असाव्यात. एक तुकडा संपला की बाईंनी दुसरी फाइल उघडायची, असं पाच वेळा. पार्सियेम खिडकीत उभी राहून खुणा करत होती. तिसरा तुकडा संपला. चौथा लागेना. अकरा म्हाताऱ्या हात वर करून, एक पाय उचलून थांबल्या. बाईंनी डाव साधला की काय? पार्सियेमने वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती आणि बू रेत्नानिंगसिह टेबलामागच्या मोकळ्या जागेत, कानशिलापर्यंत हात नेऊन, डोळे मिटून नाचत होत्या. संगीत थांबलंय हे त्यांना कळलंच नव्हतं.

"बू, बोट," पार्सियेम म्हणाली.

बाईंनी नाचतच येऊन बोट दाबलं. लोकांना वाटलं ते थांबणं मुद्दामच होतं, आणि एका पायावर उभ्या राहिलेल्या जुमिराहबाईंसाठी इतक्या टाळ्या पडल्या की चौथा तुकडा निम्मा ऐकूच आला नाही.

पहिला नंबर नवव्या आळीच्या पोरींनी नेला. दुसरा पाचव्या आळीचा, बक्षीस एक डझन थाळ्या. तिसऱ्या आळीला प्लास्टिकची बादली. अकरा वाजता पाक लुराह आले, लखोटा निघाला, आणि पार्सियेमने यंत्राची शिस्त एका ओळीत बदलली. डिस्कवरची खूण बदलत नाही, पण डिस्क मांडताना आपण यंत्राला सांगू शकतो की हिच्यावरचं सगळं साऱ्यांना वाचू दे. तेवढं सांगितलं आणि पाचही फाइली मुकाट्याने उघडल्या. एवढं सोपं होतं तर आधीच का नाही केलंस, असं पाक लुराहांनी विचारलं. तिने लखोटा पुन्हा चिकटवून त्यांच्या हातात दिला.

दुपारी चौकीत गोड चहा आणि उकडलेले कंद घेऊन सगळ्या बसल्या. बू रेत्नानिंगसिहही आल्या, बादलीसकट. थाळ्यांवर खूण घालायची म्हणून पार्सियेमने लाल नखरंगाची बाटली उघडली. जुमिराहबाई म्हणाल्या, नाचलो आम्ही, खूण आमची. बू म्हणाल्या, उघडलं मी, यंत्राच्या दप्तरी मालकीण मी, निम्म्या थाळ्या माझ्या. बोलण्यात हसू होतं, पण दोघी एकमेकींच्या हाताकडे बघत होत्या. वीस वर्षांत पार्सियेमला पहिल्यांदाच थाळीचा मालक सांगता येईना.

ती जरा वेळ बाटली हलवत बसली. मग एकेक थाळी उलटी करून मांडीवर घेऊ लागली. बाराही होईपर्यंत मान वर केली नाही. जुमिराहबाईंनी एक थाळी उचलून डोळ्यांजवळ नेली, बू रेत्नानिंगसिहनी दुसरी. दोन्हींखाली ओल्या लाल रंगात एकच आकडा होता, एक हजार चार.

"बघ, माझीच," जुमिराहबाई म्हणाल्या.

"माझीच तर," बू म्हणाल्या, आणि आपल्या थाळीतला कंद मोडून निम्मा त्यांच्या थाळीत ठेवला.