मागचं उजवं चाक

आमच्या घरातलं कुठलंही वाहन माझे सासरे, तात्यासाहेब, काठीनं ठोकून बघितल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाहीत. फुलंब्रीच्या मळ्यात आमच्याकडे ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माझ्या नवऱ्याची, इंद्रजीतची, इलेक्ट्रिक गाडी. सकाळचा चहा झाला की तात्या काठी घेऊन निघतात, एकेका टायरवर ठोका मारतात, कान देऊन ऐकतात आणि मगच म्हणतात, "जा." मी चिकलठाण्याच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. माल तपासणं हाच माझा धंदा. त्यामुळे मला आधी ह्या ठोकाठोकीचं हसू यायचं. पुढं पुढं रागच यायला लागला, कारण रोज कंपनीत उशीर.

गाडी इंद्रजीतनं हौसेनं घेतली होती. नुसता पाय टेकवला की पाठ सीटला चिकटावी इतकी तेज. हौस पुरती फिटायच्या आत कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं आणि गाडी पडली माझ्या गळ्यात. तात्यांना ती पहिल्या दिवसापासून पटली नाही.

"आवाज नाय, धूर नाय. बिघडली तर मानसाला कळायचं कसं?" ते म्हणायचे.

डिसेंबरात माझ्या भावाचा साखरपुडा ठरला, वर्ध्याला. शनिवारी सकाळी मी आणि माझी सहा वर्षांची संस्कृती समृद्धी महामार्गानं निघणार होतो. कापूस वेचायला बाया मिळाल्या होत्या, त्या सोडून सासू-सासरे येणार नव्हते.

गुरुवारी सकाळी तात्यांनी ठोका मारला आणि मग, का कोण जाणे, गुडघ्यावर बसून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं हात घातला.

"सूनबाई, इकडं ये."

मी मोबाईलच्या उजेडात पाहिलं. बाहेरून टायरची नक्षी चांगली दिसत होती. आतली कड मात्र पार गुळगुळीत झाली होती आणि एका ठिकाणी तारा डोकावत होत्या. दुसरं मागचं चाकही तसंच. ह्याच टायरांवर मी रोज संस्कृतीला शाळेत सोडत होते, आणि मी म्हणे क्वालिटीतली!

"इतक्यात कसा झिजला? ट्रॅक्टरचा टायर पोरगं कॉलेजात जाईस्तोवर टिकतो," तात्या म्हणाले.

मी सांगितलं, की बॅटरीमुळं गाडी जड असते, ओढ जबरदस्त असते, चाकं थोडी आत कललेली असतात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बदलल्याबिगर पोरीला घिऊन त्या रस्त्यावर जायचं नाय. अन् टायर घ्यायला मी संगं येनार."

तात्यांचा हा धसका जुना आहे. त्यांचा धाकटा भाऊ, पुंडलिककाका, तरुणपणी जीप चालवायचा. एका दुकानातून त्यानं चांगला दिसणारा टायर घेतला. आतून तो फाटलेला होता आणि फाटलेल्या जागी जुन्या टायरचा तुकडा, ज्याला गेटर म्हणतात तो, दडवलेला होता. सिल्लोडच्या रस्त्यावर टायर फुटला. काका वाचला, पण आजही एक पाय ओढत चालतो. तेव्हापासून आतून हात फिरवल्याशिवाय आमच्या घरात टायर येत नाही.

जालना रोडवरच्या दुकानात सुदर्शन नावाच्या मालकानं तीन प्रकार दाखवले. एक अशाच तेज गाड्यांसाठीचा, रस्ता घट्ट धरणारा, पण लवकर झिजणारा. दुसरा टिकाऊ, पण ओल्या रस्त्यावर जरा उशिरा थांबणारा. तिसरा मापाला बसत होता, पण इतकं वजन पेलणारा नव्हता. तो मीच बाजूला सारला. राहिले दोन. तात्यांचं मन टिकाऊवर. मला शनिवारचा रस्ता दिसत होता, वेग दिसत होता, मागच्या सीटवर झोपलेली पोर दिसत होती. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबलीच पाहिजे, एवढंच मला कळत होतं. तरी धीर होईना. इंद्रजीतला फोन लावला आणि बोलत दुकानाबाहेर आले.

"पहिलाच घे," तो म्हणाला. मी वळले, तेवढ्यात आत सुदर्शनचा आवाज चढला.

"अरे काका, ये क्या कर रहे! सोडा, सोडा!"

तात्यांनी त्या पहिल्या प्रकारच्या नव्या टायरच्या आत हात घातला होता. हाताला लागला मऊ, चिकटवलेला पट्टा. झालं. खिशातली सुरी काढून त्यांनी तो पट्टा टराटरा सोलला होता. पायाशी करड्या स्पंजचा ढीग, आणि तात्यांचा चेहरा लालबुंद.

"गेटर लपवितो व्हय रे? माझ्या भावाचा पाय गेला ह्यानं! आता नातीला मारतो का?"

"काका, तो फोम आहे! गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून टायरचा आवाज लई वाटतो. तो कमी करायला कंपनीच लावते."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच तसं होतं, आणि मला ते ठाऊकही होतं. आधी सांगायचं सुचलं नव्हतं. मी मान हलवली. त्यांच्या हातातली सुरी खाली आली.

"फोम नसला तरी चालतं," सुदर्शन जरा निवळला, "नुसता आवाज येईल. पण सुरी रबराला लागली असेल तर मात्र..."

त्यानं टॉर्च लावून आतून टायर पाहिला. मग मी पाहिला, बोटं फिरवून, पुन्हा पुन्हा. काप सापडला नाही. दुसरा मागवायचा तर तो पुण्याहून सोमवारी आला असता. त्याच्याकडे त्या मापाची ती एकच जोडी होती. शेवटी फोम सोललेला टायर उजवीकडे बसला, दुसरा डावीकडे. सुदर्शननं दोन्हींची हवा आणि तोल तपासून दिला.

घरी येताना वेग वाढला की मागून घुमल्यासारखा आवाज यायचा. शुक्रवारी दिवसभर तात्या गाडीभोवती फिरत राहिले. जेवायला बसले आणि अर्ध्यावर उठले.

"सुरी लागली आसंल अन् दिसत नसंल तर?" त्यांनी सासूबाईंना विचारलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तोच प्रश्न माझ्याही डोक्यात होता. भावाला फोन करून येत नाही म्हणावं, असं दोनदा मनात आलं.

शनिवारी सकाळी मी संस्कृतीला घेऊन बाहेर आले, तर तात्या धुतलेलं धोतर, टोपी आणि हातात पिशवी घेऊन गाडीजवळ उभे.

"तात्या, वेचणी?"

"ती बघंल तुझी सासू. पोरीला डाव्या अंगाला बसव. उजवीकडं मी."

"अहो, आपण दोघांनी तपासलाय तो. त्यानंही सांगितलं..."

"सांगितलं आसंल. सुरी म्या चालवली ना? मग त्याच्यावर म्याच बसनार."

त्यांच्या वजनानं त्या चाकावर भारच वाढणार, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. माझे डोळे भरून आले होते आणि गाडी मलाच चालवायची होती.

समृद्धीला लागल्यावर तो घुमणारा आवाज सुरू झाला. आरशात पाहिलं. संस्कृती आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तात्यांचा एक हात तिच्या कपाळावर आणि दुसरा, चाकाच्या बाजूला, दारावर पालथा टेकलेला. ते कान देऊन ऐकत होते, रोज काठीचा ठोका ऐकतात तसे.

"बदलला आवाज की सांगतो," ते म्हणाले.

पलीकडून गाड्या सुसाट जात होत्या. मी वेग कमी केला. तात्यांसाठी नाही. तो आवाज तसाच, न बदलता, मलाही वर्ध्यापर्यंत ऐकायचा होता.