अर्ज माझा, वाचणारं मशीन

मंडळी, ऑनलाइन इंग्रजी शिकवण्यासाठी केलेला माझा अर्ज आज सकाळी तडकाफडकी नाकारला गेला. जन्मभर धाराशिवात वर्ग सांभाळलेल्या बाईचा!

शेजारची सुनंदा माझा बायोडाटा वाचून हसली. "काकू, इंग्रजी लई भारी, पण अर्ज आधी मशीन वाचतं, शब्द जुळतात का बघतं. जाहिरातीतलं 'लेसन प्लॅनिंग' कुठं लिहिलंय?"

"पाठाची तयारी तर रोजचंच काम. त्याची काय टिमकी वाजवायची?" मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी हेच शिकवलं.

"वाजवा. मशीनला लाज नसते."

मग मी केलेल्या कामांसाठी जाहिरातीतलेच शब्द जसेच्या तसे घातले आणि अर्ज पुन्हा पाठवला. दुपारी मुलाखतीचं बोलावणं आलं.

राग गेला नाही. 'मला मुलांशी बोलायला आवडतं' हे वाक्य मशीनच्या कामाचं नाही म्हणून सुनंदानं काढायला लावलं. अर्ज केला होता तो त्यासाठीच. घरात मी एकटी. दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही.

हे मशीनला कोणत्या शब्दांत सांगायचं, कुणी सांगेल का?